देवळालीचे कापरेकर सर

बायनरी आणि हेक्साच्या बेरजा आपण सगळेच करतो. मार्कांपुरत्या करतो आणि पेपर झाला की विसरतो. पण आपल्या महाराष्ट्रात एक शाळामास्तर होऊन गेले, ज्यांनी साध्या बेरीज-वजाबाकीवर आख्खं आयुष्य काढलं. त्यांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आठ वर्षांचे असतानाच आई गेली. वडील क्लार्क होते, पण नाद ज्योतिषाचा. ज्योतिष खरं की खोटं हा वाद बाजूला ठेवा. कुंडली मांडायला आकडेमोड लागते, आणि तिची गोडी मुलाला घरातच लागली. पुढची शाळा ठाण्याला झाली. १९२३ मध्ये ते पुण्यात फर्ग्युसन कॉलेजला आले. (आपल्या धायरीहून तेच फर्ग्युसन गाठायला आज सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये किती वेळ जातो ते विचारू नका!) १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं. १९२९ ला बी.एस्सी. झाले, आणि कॉलेजचं शिक्षण तिथेच संपलं. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवलं.

त्यांचा सगळ्यात गाजलेला शोध म्हणजे ६१७४. कोणताही चार आकडी नंबर घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर परत तेच. त्यांचं जन्मसालच घेऊ. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वेळी ६१७४. त्यानंतर कितीही वेळा करा, ६१७४ च येतं. सातपेक्षा जास्त स्टेप्स कुठल्याच नंबरला लागत नाहीत. हे त्यांना १९४६ मध्ये सापडलं आणि १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडलं.

असे शोध त्यांच्याकडे ढिगाने होते. १११ चा वर्ग १२३२१ आणि ११११ चा वर्ग १२३४३२१, अशा संख्यांच्या कुटुंबाला त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं, कारण ती कल्पना डोंबिवली स्टेशनवर सुचली होती! पण मोठे गणिती त्यांना हसायचे. हे पोरखेळ आहेत, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या नियतकालिकांत फारशी जागा मिळेना, म्हणून सरांनी पुस्तिका स्वतःच छापून काढल्या.

हसणाऱ्यांची बाजूही बघायला हवी. रामानुजनना इंग्लंडला बोलावणारे हार्डी यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात उलट्या आकड्यांचं एक उदाहरण दिलंय: ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट. हे कोड्यांच्या सदरात ठीक, गणित म्हणून त्यात काही नाही, असं त्यांचं मत. कापरेकरांबद्दल ते बोलत नव्हते, पण आक्षेप लागू पडतोच. आपल्याला दहा बोटं आहेत म्हणून आपण दहाच्या पायावर मोजतो. सोळा बोटं असती तर ६१७४ चं काय झालं असतं?

हे आपण इंजिनिअरिंगवाले सहज तपासू शकतो, फक्त हातचा दहाऐवजी सोळाचा घ्यायचा. मी सी३बी४ घेऊन बघितलं. पहिल्या वजाबाकीला ९६८७ आलं, मग ३०ईडी, मग ई९५२, आणि मग परत सी३बी४. म्हणजे गाडी एका स्टेशनवर थांबतच नाही, चार स्टेशनांत गोल गोल फिरते. तेव्हा ६१७४ ही दहाच्या पायाची करामत आहे, हे मान्यच करावं लागतं.

पण सरांच्या स्वयंभू संख्यांचं तसं नाही, आणि माझ्या मते तेच त्यांचं खरं काम. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१ येतात, म्हणजे १५ ने २१ ला जन्म दिला. पण २० ला जन्म देणारी संख्याच नाही. ती स्वयंभू. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ अशी ही यादी पुढे जाते. १९६३ मध्ये त्यांनी यावर पुस्तिका छापली. आता हेच हेक्सामध्ये करा. १, ३, ५, ७, ९, मग बी, डी, एफ, आणि पुढे चक्क २०, ३१, ४२! हेक्सातला २० म्हणजे आपला ३२, किंमत वेगळी, पण लिहायला तोच. बायनरीतही स्वयंभू आहेत: १, १००, ११०, ११०१. पाया बदलला तरी अनाथ संख्या राहतातच, मग याला दहा बोटांचा योगायोग कसं म्हणणार?

१९६६ मध्ये पत्नी गेल्या. पेन्शन पुरेना, म्हणून सर गणित आणि सायन्सच्या शिकवण्या घ्यायचे. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, आणि जगभरात नाव झालं. तेव्हा सर सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये देवळालीलाच ते वारले. स्वयंभू संख्यांना आता देवळाली संख्या असंही म्हणतात.