जंतू दिसले, कारण मात्र उमगले नाही
पुणे : पुण्यातील वैद्यकीय विद्यार्थी परीक्षेसाठी आतड्याच्या ज्या दुर्मिळ विकाराची उजळणी करतात, त्याला डॉ. जॉर्ज हॉइट व्हिपल यांचे नाव आहे. १८७८ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या व्हिपल यांनी १९०७ मध्ये बाल्टिमोर येथे एका ३६ वर्षीय मिशनरी डॉक्टरचा आजार नोंदवला. सांधेदुखी, जुलाब आणि कमालीच्या कृशतेने तो दगावला होता. ऊतीत दंडाकार जंतू दिसूनही व्हिपल यांनी दोष चरबीच्या चयापचयाला दिला. रक्तक्षयावरील यकृत-आहाराच्या संशोधनासाठी १९३४ मध्ये त्यांना अन्य दोघांसह नोबेल मिळाले. १९५२ मध्ये या जीवघेण्या आजाराचा एक रुग्ण प्रतिजैविकाने सुधारला. १९७६ मध्ये व्हिपल निवर्तले. जंतूची ओळख १९९२ मध्ये पटली. त्यालाही त्यांचेच नाव लाभले.