हरलेल्या प्रयोगातून मेंदूच्या फोटोपर्यंत : जॉर्ज डी हेवेशी

मेंदूच्या पेट स्कॅनआधी हातात एक इंजेक्शन देतात. त्यात साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ असतो. मेंदूचा जो भाग जास्त काम करतो, तो ही साखर जास्त ओढतो आणि मशिनवर उजळ दिसतो. या युक्तीचं मूळ एका हंगेरियन माणसाच्या फसलेल्या प्रयोगात आहे.

जॉर्ज डी हेवेशी यांचा जन्म १ ऑगस्ट १८८५ चा, बुडापेस्टचा. १९११ मध्ये ते मँचेस्टरला रदरफोर्ड यांच्याकडे आले. रदरफोर्डनी त्यांना काम दिलं: शिशात मिसळलेलं किरणोत्सारी 'रेडियम-डी' वेगळं काढा. हेवेशींनी जंग जंग पछाडलं, पण ते निघेना. कारण रेडियम-डी हे शिशाचंच एक रूप होतं.

दुसरा कोणी असता तर नाद सोडून मोकळा झाला असता. हेवेशींनी मात्र उलटा विचार केला. वेगळं होत नाही, म्हणजे ते शिशासोबत जाईल तिथे जाणार. मग त्यालाच शिशाच्या पाळतीवर ठेवू! १९२३ मध्ये त्यांनी याच पद्धतीने शेंगाच्या रोपात शिसं मुळापासून वर कसं चढतं ते पाहिलं. १९३५ मध्ये उंदरांना किरणोत्सारी फॉस्फरस देऊन दाखवलं, की हाडं म्हणजे पक्की भिंत नव्हे. त्यांच्यातही रोज जमा-खर्च चालू असतो.

हेवेशींचं घराणं मूळचं ज्यू. नाझी आल्यावर त्यांनी १९३४ मध्ये जर्मनीतलं फ्रायबुर्ग सोडून कोपनहेगन गाठलं. १९४० मध्ये जर्मन फौजा तिथेही आल्या. लाउए आणि फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञांची सोन्याची नोबेल पदकं तिथे ठेवलेली होती. जर्मनीबाहेर सोनं पाठवणं गुन्हा, आणि पदकांवर नावं कोरलेली! हेवेशींनी ती आम्लात विरघळवली. बाटली फळीवर तशीच राहिली, कोणाला संशय आला नाही. युद्धानंतर त्याच सोन्यातून पदकं पुन्हा घडवली गेली. हेवेशींना मात्र १९४३ मध्ये स्वीडनला पळावं लागलं. त्याच वर्षाचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

५ जुलै १९६६ रोजी फ्रायबुर्गमध्ये ते वारले. पुढे दहा वर्षांनी, ऑगस्ट १९७६ मध्ये, फिलाडेल्फियात ही किरणोत्सारी साखर पहिल्यांदा माणसाला टोचली गेली. ते पेशंट नव्हते, संशोधनासाठी पुढे आलेले निरोगी लोक होते. साखरेतल्या फ्लोरिनचा जोर सुमारे ११० मिनिटांत निम्मा होतो, म्हणून सगळी घाई. तेवढ्या वेळात जिवंत मेंदूचं काम डोक्याला चीर न देता पाहता आलं. हेवेशींचा पाळतीवरचा अणू शिशापासून निघून माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचला होता.