‘टॅक्समन’ लिहिणारे जॉर्ज हॅरिसन कोण होते?

लिव्हरपूलच्या बस कंडक्टरचे पुत्र जॉर्ज हॅरिसन (१९४३-२००१) ‘बीटल्स’चे गिटारवादक झाले. हातात पैसा आला, पण ब्रिटनमध्ये मोठ्या कमाईवरचा कर तेव्हा ९५ टक्क्यांपर्यंत जात होता. त्या चिडीतून त्यांनी ‘टॅक्समन’ लिहिले. १९६६च्या ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बममधल्या या पहिल्याच गाण्यात पंतप्रधान विल्सन आणि विरोधी पक्षनेते हीथ, दोघांनाही टोला आहे. ठेका अमेरिकी सोल संगीताच्या वळणाचा. पॉल मॅकार्टनी यांनी वाजवलेल्या गिटारच्या तुकड्यात भारतीय संगीताची छटा.

१९७१मध्ये पंडित रविशंकर यांच्या विनंतीवरून हॅरिसन यांनी बांगलादेशी निर्वासितांसाठी न्यूयॉर्कमध्ये मैफल भरवली. तिच्या अल्बमची मोठी रक्कम मात्र अमेरिकी करखात्याच्या चौकशीत अनेक वर्षे अडकली. विनोदातला करवसुलीवाला आता मदतीच्या वाटेत उभा होता.