मारेकऱ्यांना विचारलेला प्रश्न

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

महात्मा जोतीराव फुले यांच्यावर आपल्या वार्षिकात आजवर अनेकांनी लिहिले असेल. मी काही इतिहासाचा व्यासंगी नव्हे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आजोबा अंगठाबहाद्दर आणि वडील चौथीपर्यंत शिकलेले. तेव्हा जोतीरावांची भाषणातली थोरवी मी लहानपणापासून ऐकत आलो. पण त्यांचे चरित्र मी खरोखर वाचले ते गेल्या वर्षी, आणि त्याचे कारण सांगायला मला अजून लाज वाटते.

गेल्या वर्षी वसतिगृहात माझे परीक्षा फीचे सातशे रुपये नाहीसे झाले. वडिलांनी शेळी विकून दिलेले पैसे! माझे डोके फिरले. आमच्या मेसमध्ये ताटे उचलणारा सोळा वर्षांचा एक पोरगा होता. आदल्या दिवशी तो झाडायला खोलीत आला होता एवढ्याच पुराव्यावर मी त्याच्यावर बोट ठेवले. भर पंगतीत त्याचे खिसे उलटे केले गेले, एकाने त्याच्या कानशिलात दिली आणि मेसवाल्यांनी त्याला त्याच रात्री काढून टाकले. दोन महिन्यांनी सुट्टीवर जाताना मी पेटी आवरली, तेव्हा तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली ते सातशे रुपये सापडले. मी ते मुकाट्याने खिशात घातले व कोणाला काही बोललो नाही.

पुढे वर्गात समाजशास्त्राच्या सरांनी पुनर्स्थापक न्याय नावाची कल्पना शिकवली. गुन्हा झाला की कोणता कायदा मोडला आणि किती शिक्षा द्यायची, एवढेच आपण विचारतो. ही कल्पना मानणारे आधी विचारतात की इजा कोणाला झाली, त्याला आता कशाची गरज आहे आणि ती भरून काढणे कोणाच्या अंगावर येते. सर म्हणाले की हे परदेशी पुस्तकातले वाटत असेल तर फुल्यांचे चरित्र वाचा. मी ग्रंथालयातून धनंजय कीर यांचे पुस्तक आणले.

जोतीरावांचा जन्म 1827 चा, पुण्याचा. मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. पेशवाईत फुले पुरवण्याच्या धंद्यामुळे घराण्याला फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई त्यांच्या तान्हेपणीच वारल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना सांभाळले. मुलगा शाळेतून काढून मळ्यात घातला गेला होता. शेजारचे गफार बेग मुन्शी व लिजिटसाहेब यांनी वडिलांची, गोविंदरावांची, समजूत घातली म्हणून 1841 मध्ये तो पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेला. हे वाचताना मला आमच्या गावच्या गुरुजींची आठवण झाली. माझ्या वडिलांपुढे तेच तासभर बसले नसते तर मीही आज गुरांमागे असतो.

1848 साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीराव चालत होते. माळ्याचा मुलगा आपल्या बरोबरीने चालतो म्हणून वरातीतल्या काहींनी त्यांचा पाणउतारा केला. हा प्रसंग आपण पाठ्यपुस्तकात वाचतो आणि पुढे जातो. मी मात्र तेथे बराच वेळ थांबलो. एकवीस वर्षांचा तरुण, चारचौघांत झालेला अपमान! आमच्याकडे एवढ्यावरून दोन भावक्यांत काठ्या निघतात. जोतीरावांनी त्याच वर्षी पुण्याच्या बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. त्या शाळेत ज्यांच्या मुली आल्या त्यांत अपमान करणाऱ्यांच्या जातीतल्याही होत्या. मला वाटते, कोणी आपला अपमान केला हा प्रश्न त्यांनी त्या रात्रीपुरताच ठेवला असावा. असा अपमान करायला माणूस शिकतो कोठे, हा मात्र जन्मभर सोडला नाही.

शाळेपायी 1849 मध्ये वडिलांनी त्यांना व सावित्रीबाईंना घराबाहेर काढले. उस्मान शेख यांनी आसरा दिला. 1852 च्या नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला. तो विस्ताराने सांगत नाही, कारण मला ज्या रात्रीविषयी लिहायचे आहे ती त्यानंतर चार वर्षांनी आली.

1856 ची ती रात्र. दोन माणसे शस्त्रे घेऊन घरात शिरली. एकाचे नाव रोडे, दुसऱ्याचे धोंडीराम नामदेव कुंभार. चाहुलीने जोतीराव जागे झाले. तुम्ही कोण, असे त्यांनी विचारले, आणि ते मारायला आले आहेत असे कळल्यावर आणखी विचारले की मी तुमचे काय वाईट केले आहे. त्या दोघांना उत्तर सुचेना, कारण जोतीरावांनी त्यांचे काहीच बिघडवले नव्हते. त्यांना पैसे कबूल झाले होते. चरित्रकार प्रत्येकी हजार रुपयांचा आकडा देतात. तेव्हा जोतीराव म्हणाले की माझे आयुष्य गरिबांसाठीच आहे, माझ्या मरणाने दोन गरिबांचे भले होत असेल तर खुशाल मारा. हे ऐकून दोघांच्या हातातले बळ गेले. त्यांनी पाय धरले, आणि ज्यांनी पाठवले त्यांनाच मारून येतो असेही म्हणाले. जोतीरावांनी त्यांना तेही करू दिले नाही.

माझ्या मते त्या रात्रीची थोरवी या शेवटच्या नकारात आहे. मरणाला छाती दाखवणारे वीर पुष्कळ होऊन गेले. पण आपल्यावर उगारलेली कुऱ्हाड दुसऱ्याकडे वळत असताना ती खाली ठेवायला लावणे निराळे.

आणि क्षमा करून जोतीराव झोपी गेले असेही नाही. रोडे पुढे त्यांचा अंगरक्षक म्हणून राहिला. धोंडीराम शिकला, पंडित धोंडीराम म्हणून ओळखला जाऊ लागला आणि सत्यशोधक समाजाच्या बिनीच्या कार्यकर्त्यांत त्याची गणना झाली. नुसते सोडून दिले असते तर दोघे तसेच गरीब, तसेच अडाणी राहिले असते, आणि पुढच्या माणसाने दीड हजार कबूल केले असते. मारेकऱ्याला काम दिले, अक्षर दिले, समाजात जागा दिली. जे मोडले होते ते त्यांच्याच हातून बांधून घेतले.

आता दुसरा प्रसंग. हा मला पहिल्याहून अवघड वाटतो, कारण यात मेलेला जीव परत येत नाही. जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसवले. दिवस गेले. विषारी औषधे घेऊनही गर्भ पडला नाही. मुलगा झाला, आणि अब्रूच्या भयाने तिने त्याला सुरीने मारून घरामागच्या विहिरीत टाकले. पोलिसांनी तिला पकडले. पुण्याच्या सेशन कोर्टात खटला होऊन तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कायद्याचे काम तेथे संपले. शास्त्री मोकळाच राहिला.

जोतीराव काशीबाईला निर्दोष म्हणत बसले नाहीत. बाळ मेले होते हे खरेच होते. पण उद्याच्या काशीबाईचे काय, हे त्यांनी व सावित्रीबाईंनी पाहिले. 1863 मध्ये त्यांनी आपल्याच घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी यावे, गुपचूप व सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी पत्रके पुण्यात भिंतींवर लागली. भिंतीवर लावलेल्या त्या कागदाचा पुण्याला केवढा राग आला असेल! 1884 मध्ये जोतीरावांनी लिहून ठेवले आहे की तोवर पस्तीस विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाचच जगली, बाकीची गर्भातच घेतल्या गेलेल्या औषधांनी गेली. हा आकडा त्यांनी लपवला नाही. एवढ्या कष्टांनंतर पाचच! दुसरा एखादा गृहस्थ असता तर त्याने पस्तिसाचा आकडा मोठ्याने सांगितला असता आणि पाचाचा गिळला असता.

अशाच एका विधवेचे, तिचेही नाव काशीबाईच, मूल जोतीराव-सावित्रीबाईंनी 1874 मध्ये दत्तक घेतले. त्याचे नाव यशवंत. 1887 च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याला वारस नेमले. पुढे तो डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई रोगी आणत आणि यशवंत उपचार करी; त्यातच सावित्रीबाईंना मरण आले. ज्या बाळाला जग विहिरीत टाकायला निघाले होते त्याने शेवटी त्याच पुण्याची नाडी पाहिली.

सावित्रीबाईंचीही एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. 1868 च्या ऑगस्टात त्या माहेरी नायगावला होत्या. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण व सारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम होते, आणि मुलगी गरोदर होती. गावकरी दोघांना मारहाण करीत, ठार करायला घेऊन चालले होते. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याची भीती घातली आणि जमाव थोपवला. दोघांनी गाव सोडावे यावर गाव राजी झाला आणि सावित्रीबाईंनी त्यांना जोतीरावांकडे पुण्याला पाठवले. काही जण म्हणतील की गाव तर सुटलेच! खरे आहे. सगळे भरून निघत नाही. पण तिघांचे जीव वाचले, कारण पोटातला जीवही मोजायचा.

मात्र जोतीरावांना कोणी मवाळ समजू नये. गुलामगिरी आणि शेतकऱ्याचा असूड ही पुस्तके ज्यांनी वाचली त्यांना त्यांच्या लेखणीची धार ठाऊक आहे. अन्यायाला अन्याय म्हणताना ते आवाज खाली आणत नसत. आणि तरीही 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर यांच्यावर खटला झाला तेव्हा जोतीरावांचे स्नेही रामशेट उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन भरला. ते दोघे डोंगरीच्या तुरुंगातून सुटले तेव्हा सत्यशोधकांनी त्यांचा सत्कार केला. टिळकांशी त्यांचे विचार जुळत नव्हते. ज्याच्याशी भांडायचे तोही माणूस म्हणून आपल्या अंगणातला, असा काहीसा त्यांचा हिशेब असावा. मला हा हिशेब अजून पुरता जमत नाही.

1873 मध्ये सत्यशोधक समाज, 1877 च्या दुष्काळात धनकवडीला पोरक्या मुलांसाठी अन्नछत्र, 1888 मध्ये मुंबईत महात्मा ही पदवी, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्याच विचारातले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 साली मुंबईचे नाभिक एकत्र आले आणि विधवांचे केशवपन करणार नाही असे त्यांनी ठरवले. ज्यांच्या हातून ते काम होत होते त्यांनीच वस्तरा खाली ठेवला. त्याच वर्षी 28 नोव्हेंबरला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी यशवंताला हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवे स्वतःच्या हाती घेतले.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला फुलेवाडा पाहून आलो. 1868 मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचे पाणी अस्पृश्यांना खुले केले. ती विहीर आवारात आहे. तिच्या कठड्याशी उभा असताना मला एकसारखे ते पंगतीत उलटे केलेले खिसे दिसत होते. परत आल्यावर त्या पोराच्या गावी गेलो. त्याची आई अंगणात शेंगा फोडत होती. मावशी, मी चुकलो, एवढे बोलून मी सातशे रुपये पुढे केले. तिने त्यांना हात लावला नाही. पोरगा पंक्चरच्या दुकानात कामाला लागला होता, तिने मला तिकडे पाठवले. त्याने सगळे ऐकून घेतले. पैसे नकोत म्हणाला. ज्या पंगतीत माझे खिसे उलटे केले त्याच पंगतीत सांग, एवढेच तो म्हणाला आणि पुन्हा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहू लागला.

सोमवारी रात्री सगळे जेवायला बसल्यावर मी उभा राहिलो. पाय लटपटत होते. आमटी वाढणारे मामा वाढता वाढता थांबले. पैसे माझ्याच पेटीत होते आणि ते सापडून चार महिने झाले, हे मी सांगितले. ज्याने त्याला मारले होते तो ताटावरून उठून गेला. मेसवाल्यांनी पोराला परत बोलावणे धाडले, पण तो आला नाही. बाजारच्या दिवशी मी त्या दुकानावरून जातो. पहिल्या दोन वेळा त्याने वर पाहिले नाही. मागच्या बुधवारी माझ्या सायकलच्या चाकात हवा कमी आहे, असे तो आपणहून म्हणाला.