शिखरावरून कोसळलेला कर्णधार

वर्णद्वेषी राजवटीमुळे दोन दशके वाळीत पडलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेटला हॅन्सी क्रोनिएच्या रूपाने एक निष्कलंक चेहरा लाभला होता. निदान तसे वाटत होते. २५ सप्टेंबर १९६९ रोजी ब्लूमफाँटेन येथे जन्मलेला हा श्रद्धाळू ख्रिस्ती तरुण वयाच्या २१व्या वर्षी फ्री स्टेटचा आणि १९९४मध्ये देशाचा कर्णधार झाला. त्याच्या नेतृत्वाखालील ५३ कसोटींपैकी २७ आफ्रिकेने जिंकल्या.

जानेवारी २०००मध्ये सेंच्युरियनच्या पावसाने धुतलेल्या कसोटीत त्याने डाव सोडून इंग्लंडला विजयाची संधी दिली, तेव्हा त्याच्या खिलाडूवृत्तीचे कौतुक झाले. त्या औदार्याची किंमत सट्टेबाजाकडून मिळालेले पैसे आणि एक चामडी जाकीट एवढी होती, हे मागाहून उघड झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये नागपूरच्या एकदिवसीय सामन्यात २०पेक्षा कमी धावा करण्यासाठी त्याने हर्शेल गिब्जला १५ हजार डॉलर देऊ केले. गिब्जने होकार दिला आणि प्रत्यक्षात ७४ धावा तडकावल्या! गिब्ज काय किंवा हेन्री विल्यम्स काय, संघातील गौरेतर सहकाऱ्यांनाच त्याने या जाळ्यात ओढावे, ही बाब पैशांच्या लोभाहूनही अधिक खटकणारी होती.

७ एप्रिल २००० रोजी दिल्ली पोलिसांनी त्याचे सट्टेबाजाशी झालेले दूरध्वनी संभाषण उघड केले. आधी साफ इन्कार, चार दिवसांत कबुली, पुढे किंग आयोगासमोर अश्रू आणि ऑक्टोबरमध्ये आजन्म बंदी. १ जून २००२ रोजी जॉर्जनजीकच्या डोंगरात मालवाहू विमान कोसळून त्याचा अंत झाला. तो अवघ्या ३२ वर्षांचा होता.