न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे : निर्धन ऋणकोचा कैवारी

ज्याच्या घरी देण्यासारखे काही उरलेले नाही, त्याच्यापासून न्यायासनाने काय मागावे, हा प्रश्न फार जुना आहे. नेहेम्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात यरुशलेमेतील गरीब लोक आपली शेते, द्राक्षमळे व घरे गहाण पडल्याचे आणि मुलेबाळे दास्यात गेल्याचे गाऱ्हाणे घेऊन येतात, व तो देवभीरू अधिकारी ते ऐकून संतापतो आणि श्रीमंतांस जाब विचारतो, हे आमच्या वाचकांच्या परिचयाचे आहे. आपल्या महाराष्ट्रातही असे गाऱ्हाणे ऐकणारा एक न्यायाधीश होऊन गेला. तो ख्रिस्ती नव्हता; तथापि त्याचे चरित्र आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस व उपदेशक बंधूंस बोधप्रद होईल, असे वाटल्यावरून येथे थोडक्यात देत आहो.

महादेव गोविंद रानडे यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. बाळपण कोल्हापुरास गेले. पुढे मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. तेथे असता त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना करून मराठी राज्याकडे झुकते माप दिले. त्याबद्दल मुख्याध्यापक सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेविली. गरजू विद्यार्थ्यास ही शिक्षा लहान नव्हे. परंतु माधवरावांनी त्या गुरूविषयी मनात अढी धरली नाही, आदरच ठेविला. 1866 साली ते कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि 1871 साली पुण्यास न्यायाधीशाच्या जागी आले.

पुण्यास येऊन चार वर्षे होतात तोच त्या जिल्ह्यात मोठा क्षोभ उसळला. त्याचे मूळ समजून घेणे आम्हां वऱ्हाडवासीयांस कठीण जाऊ नये, कारण तीच व्यथा आपल्या अमरावती-अकोल्याच्या काळ्या जमिनीतही रुजलेली होती. 1861 ते 1865 या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस विलायतेस जाईना, म्हणून इकडील कापसास सोन्याचा भाव आला. सावकार मागेल त्याला पैसा देऊ लागले व शेतकरीही घेऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, परंतु रोखे तसेच राहिले. दख्खनमध्ये त्यावर सरकारी साऱ्याची वाढही येऊन पडली. समजा एखाद्या कुळाने पन्नास रुपये घेतले. व्याज थकले की सावकार जुन्या रोख्याच्या जागी नवा, अधिक रकमेचा रोखा करून घेई. असे तीनदा चारदा झाले म्हणजे पन्नासांचे तीनशे होत. कुळास अक्षरओळख नसे. त्याने अंगठा उठविला की झाले.

मग सावकार दिवाणी न्यायालयात जाई. न्यायाधीशापुढे रोखा येई, त्यावरील अंगठा येई, परंतु कूळ बहुधा येत नसे. वाट लांबची, वकिलाची ऐपत नाही, आणि जाऊन सांगावे काय हेही कळत नाही. मग एकतर्फी हुकूमनामा होई. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे हुकूमनाम्याची रक्कम न देणाऱ्यास पकडून दिवाणी तुरुंगात ठेविता येत असे. ज्याने चोरी केली नाही, कोणास मारले नाही, तो मनुष्य केवळ जवळ पैसा नाही म्हणून कैदेची वाट पाही. पुष्कळ सावकारांस त्याला तुरुंगात धाडावयाचे नसेच. पकड वॉरंट दाखवून भय घालावयाचे, आणि त्या भयाच्या भरात आणखी एक रोखा लिहून घ्यावयाचा किंवा जमीन नावावर करून घ्यावयाची, एवढाच त्यांचा हेतू असे.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावी हे लोण पसरले. त्यांचा रोख विशेषतः रोख्यांवर होता. कागद हिसकावून घ्यावे व जाळावे, अशी रीत पडली. दंगा करणे पाप होय यात संशय नाही, आणि त्याबद्दल पुष्कळांस शिक्षाही झाल्या. परंतु सरकारने चौकशी मंडळ नेमिले, तेव्हा रोगाचे मूळ न्यायदानाच्या रीतीतही आहे, हे उघड झाले.

यातून 1879 साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू केला गेला. त्याची मुख्य कलमे वाचकांनी ध्यानात घ्यावी. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास कैद करणे बंद झाले. न्यायाधीशाने केवळ रोख्यावर भिस्त न ठेवता व्यवहाराचा आरंभापासून हिशेब पाहावा, मुद्दल किती व व्याज किती हे निवडावे, असे ठरले. ऋणकोची ऐपत पाहून हप्तेबंदी करण्याची मोकळीक मिळाली. जी जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नाही, ती साध्या कर्जासाठी विकता येऊ नये, असे झाले. दावा लावण्यापूर्वी गावातील नेमलेल्या सद्‌गृहस्थापुढे सलोख्याचा यत्न व्हावा, आणि दहा रुपयांपर्यंतचे तंटे गावच्या मुन्सफानेच मिटवावे, अशीही योजना होती.

कायदा कागदावर चांगला असला, तरी तो चालविणारा मनुष्य चांगला नसेल तर गरिबास त्याचा काय लाभ? या चार जिल्ह्यांतील न्यायालयांचे काम तपासण्यासाठी एक विशेष न्यायाधीश नेमिला होता. 1881 साली रानड्यांची त्याच्या हाताखाली नेमणूक झाली, आणि 1887 साली ते स्वतः विशेष न्यायाधीश झाले. 1893 पर्यंत त्यांनी हे काम केले. पुण्याच्या कचेरीत बसून हे काम होण्यासारखे नव्हते. तालुक्यातालुक्यांस मुक्काम करावा, कनिष्ठ न्यायाधीशांचे व गावमुन्सफांचे दप्तर उघडावे, कोठे हिशेब पाहिल्यावाचून निकाल दिला, कोठे हप्ते ऐपतीबाहेर बांधले, हे शोधून दुरुस्त करावे, असा तो क्रम होता. त्यांच्या पत्नी रमाबाई अशा दौऱ्यांत त्यांच्या बरोबर असत.

या कामात माधवरावांनी जो न्याय चालविला त्याचे सार असे की, न देऊ शकणारा आणि देऊ न इच्छिणारा हे दोघे वेगळे आहेत, व न्यायाधीशाने निकालापूर्वी त्यांतील भेद ओळखला पाहिजे. ज्याच्यापाशी आहे आणि जो लपवितो, त्याच्यावर कायद्याचा हात पडावा. ज्याच्यापाशी नाही, त्याला कोंडून ठेविल्याने धनकोस एक पैही मिळत नाही. उलट पेरणी चुकते, पोरे उपाशी राहतात आणि कर्ज आहे तसेच राहते. परंतु ऋणको गरीब आहे म्हणून ऋण बुडवावे, असेही त्यांनी म्हटले नाही. जे खरे देणे ठरेल ते त्याने हळूहळू, पण निश्चयाने फेडावे, हाच हप्तेबंदीचा अर्थ होय.

केवळ न्यायालयाने हा प्रश्न सुटणार नाही, हेही ते जाणून होते. शेतकऱ्यास माफक व्याजाने पैसा मिळेल अशी शेतकी पेढी काढण्याची योजना विल्यम वेडरबर्न साहेबांनी पुरंदर तालुक्यासाठी मांडली, तिला रानड्यांचा पाठिंबा होता. ती विलायत सरकारने मान्य केली नाही. सहकारी पतपेढ्यांचा कायदा 1904 साली झाला, तेव्हा माधवराव हयात नव्हते.

त्यांच्या चरित्रात उणिवाही होत्या, त्या झाकून ठेवणे बरे नव्हे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या गृहस्थाने 1873 साली पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनास त्यांनी आरंभी साह्य केले, परंतु तेथील मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात असे दिसल्यावर 1893 साली ते त्या कामातून दूर झाले. प्रार्थना समाजात ते एका देवाची भक्ती करीत. ख्रिस्ताच्या चरणाशी मात्र ते आले नाहीत, याचे आम्हांस दुःख वाटते.

एक प्रसंग मात्र आमच्या विषयास धरून आहे. 4 ऑक्टोबर 1890 रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनात काही प्रतिष्ठित हिंदू गृहस्थांपुढे चहा ठेविला गेला. त्यांची नावे छापून आली आणि त्यांच्यावर ग्रामण्य उठले. धर्मपीठाकडून चौकशी होऊन त्यांस बहिष्कृत ठरविण्यात आले. रानडे यांस बहिष्काराची तमा नव्हती. परंतु त्यांचे काही स्नेही असे होते की, घरच्या माणसांचे हाल त्यांस सोसवेनात. एकट्याने माघार घ्यावी तर लाज, न घ्यावी तर संसार मोडतो. 1892 साली माधवरावांनी त्यांच्या बरोबर स्वतः प्रायश्चित्त घेतले. सुधारकांनी त्यांस दुबळे म्हणून दोष दिला, आणि सत्याच्या बाबतीत अशी तडजोड आम्हांसही रुचत नाही. तरी आपणास सोसता येत असून, ज्यांस सोसवत नाही त्यांच्या पंक्तीस जाऊन बसणे, यात त्यांचे हृदय दिसते.

1893 साली ते मुंबईच्या वरिष्ठ न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. 1897 च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभा आपल्या अमरावतीस भरली, तेव्हा तिच्याबरोबर भरलेल्या सामाजिक परिषदेत रानड्यांचे प्रसिद्ध व्याख्यान झाले. जुन्याचे पुनरुज्जीवन करावे की सुधारणा करावी, हा त्याचा विषय होता. ते वर्ष दुष्काळाचे होते. ज्या नगरीत ते बोलले ती वऱ्हाडाची राजधानी, आणि तो वऱ्हाड प्रांतच 1853 साली निजामाने इंग्रजांच्या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी इंग्रजांच्या हवाली केलेला होता. राजाचे ऋण थकले, तेव्हा त्याच्याशी तह झाला. कुणब्याचे ऋण थकले, तर त्याच्यासाठी पकड वॉरंट निघे. हे अंतर आमच्या वाचकांनी विचारात घ्यावे. दख्खनचा तो कायदा मुंबई इलाख्याचा होता. आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्ज लवादाचा कायदा 1933 साली झाला, आणि त्या कामी अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी पुढाकार घेतला. न्यायमूर्ती रानडे 16 जानेवारी 1901 रोजी मुंबईस निवर्तले होते.

आता हे सर्व आज कशास सांगावे? कारण ऐपत नसलेला मनुष्य आजही न्यायालयाच्या दारी उभा आहे, आणि कर्जापायी वऱ्हाडातील किती घरांचे दिवे विझले, हे आमच्या मंडळ्यांस ठाऊक आहे. कर्जाइतकाच दंडाचाही प्रश्न आहे. न्यायालयाने दंड ठोठावला व तो भरता आला नाही, तर कैद भोगावी लागते. यास्तव उपदेशक बंधूंनी पुढील गोष्टी जाणून असाव्या. 1 जुलै 2024 पासून नव्या संहिता लागू आहेत, परंतु हे नियम पुष्कळ अंशी जुन्याच कायद्यातून आलेले आहेत. ज्या अपराधास कैद व दंड अशा दोन्ही शिक्षा आहेत, तेथे दंड न भरल्याबद्दलची कैद त्या अपराधाच्या कमाल कैदेच्या चौथ्या हिश्शाहून अधिक देता येत नाही. दंड भरताच ती कैद संपते, आणि काही भाग भरल्यास त्या प्रमाणात कमी होते. शिक्षा केवळ दंडाची असून तो तेव्हाच भरता येत नसेल, तर न्यायालय कैद तहकूब ठेवून, मुचलका घेऊन, 30 दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते देऊ शकते. दंडाच्या रकमेतून ज्याचे नुकसान झाले त्यास भरपाई देण्याचाही अधिकार न्यायालयास आहे. दंडावाचून तुरुंगात अडकलेल्या गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारने 2023 साली योजना काढली. तिच्यात 25,000 रुपयांपर्यंत दंड भरण्याची तरतूद आहे, मात्र काही गंभीर अपराध तिच्यातून वगळले आहेत. कोठडीतील प्रत्येकास, स्त्रियांस व अल्प उत्पन्नाच्या मनुष्यास विनामूल्य वकील देण्यासाठी जिल्ह्याचे विधी सेवा प्राधिकरण आहे.

परंतु हप्त्यांची सवलत देणे न्यायालयाच्या विचारावर आहे, आणि मुका उभा राहिलेल्या मनुष्याची ऐपत न्यायाधीशास कशी कळावी? दीडशे वर्षांपूर्वी सुप्याचे कूळ न्यायालयात गेलेच नाही, म्हणून त्याच्यावर एकतर्फी हुकूमनामे झाले. आपल्या मंडळीतील मनुष्यास समन्स आले असता उपदेशकाने किंवा वडिलाने त्याच्याबरोबर जावे. त्याची जमीन किती, खाणारी तोंडे किती, मजुरी किती, हे वकिलास नीट सांगावे. गावच्या जातपंचायतीने दंड बसवून वाळीत टाकण्याची धमकी दिली, तर सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रात 2016 च्या कायद्याने अपराध ठरला आहे, हेही त्यास सांगावे.

आणि ज्याच्या हातून खरोखर अपराध घडला, त्यानेही ऐपतीच्या आड लपू नये. जक्कयाने तारणाऱ्यास घरी घेतले त्याच दिवशी परतफेडीचा निश्चय केला. अनेसिमापाशी काही नव्हते, तेव्हा पौलाने त्याचे देणे आपल्या नावे मांडण्यास फिलेमोनास लिहिले. आमच्या मंडळ्यांत दोन्ही प्रकारची माणसे हवीत. घेतलेले परत करणारा जक्कय हवा, आणि ज्याला ते शक्य नाही त्याच्यासाठी थोडथोडे गोळा करून भरणारा बंधूही हवा. ज्यांचे अगणित ऋण प्रभूने स्वतः फेडले, त्यांनी शेजाऱ्याच्या शंभर नाण्यांसाठी त्याचा गळा धरू नये. ज्या न्यायाधीशाने त्या प्रभूस ओळखले नाही, त्यानेही गरिबाचा हिशेब आरंभापासून पाहिला. मग आम्ही, जे त्याचे म्हणवितो, त्यांनी किती अधिक करावयास पाहिजे!