विश्लेषण : लांडगे संपवायला निघालेला वनाधिकारी वन्यजीवशास्त्राचा जनक कसा ठरला?

एप्रिल १९४८. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवणारे प्राध्यापक ऑल्डो लिओपोल्ड यांना ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून फोन आला. अनेक प्रकाशकांकडून परत आलेले त्यांचे हस्तलिखित अखेर स्वीकारले गेले होते. त्यानंतर बरोबर आठवड्याने, २१ एप्रिलला, शेजाऱ्याच्या शेतात भडकलेली आग विझवायला ते धावले आणि तिथेच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा मृत्यू झाला. पुस्तक छापून आलेले त्यांना पाहता आले नाही. ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या त्या पुस्तकाच्या आजवर २० लाखांहून अधिक प्रती खपल्या आहेत.

वन्यजीव व्यवस्थापन हा विद्यापीठात शिकवायचा विषय आहे हे अमेरिकेला पटवून देणारे म्हणून लिओपोल्ड ओळखले जातात. पण लांडगे आणि प्यूमा यांचा नायनाट व्हायला हवा, असा प्रचार याच माणसाने तरुणपणी केला होता. ते मत कसे बदलले आणि त्यांच्या लिखाणाचे पुढे काय झाले, याचा हा आढावा.

कोण होते ऑल्डो लिओपोल्ड?

जन्म ११ जानेवारी १८८७, आयोवा राज्यातील बर्लिंग्टन या मिसिसिपी नदीकाठच्या गावात. घराणे मूळचे जर्मन, वडिलांचा लाकडी डेस्क बनवण्याचा कारखाना. वडील शिकारी होते, पण किती आणि कधी मारायचे याचे नियम त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतले होते. मुलाला पक्षी ओळखायला आणि माग काढायला त्यांनीच शिकवले.

येल विद्यापीठाच्या वनशाळेतून १९०९ मध्ये पदवी घेऊन लिओपोल्ड सरकारी वनसेवेत दाखल झाले. पहिली नेमणूक ॲरिझोनातील अपाची राष्ट्रीय वनात झाली. तेव्हा ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको ही राज्येही नव्हती. १९१२ मध्ये त्यांचे एस्टेला बर्गेर यांच्याशी लग्न झाले. त्यांना पाच मुले झाली. त्यांतील तिघे पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून गेले.

लांडगे मारण्यामागचे गणित काय होते?

त्या काळचे गणित सरळ होते. लांडगा आणि प्यूमा हरणे खातात. म्हणजे लांडगे कमी झाले तर हरणे वाढतील आणि शिकाऱ्यांना जास्त हरणे मिळतील. मेंढपाळ आणि गुरे पाळणाऱ्यांनाही लांडगे नको होते. सरकार स्वतः पगारी माणसे नेमून शिकारी प्राणी मारत होते.

लिओपोल्ड या मोहिमेचे नुसते साक्षीदार नव्हते. १९१५ पासून न्यू मेक्सिकोतील शिकारी संघटनांना एकत्र आणून त्यांनी एक पत्रक चालवले आणि त्यातून शिकारी प्राण्यांच्या उच्चाटनाची बाजू मांडली. १९०९ मध्ये, अपाचीतल्या पहिल्याच हंगामात, त्यांच्या तुकडीने कड्यावरून एका लांडगीवर गोळ्या झाडल्या होत्या. खाली उतरून त्यांनी तिला मरताना पाहिले. त्या क्षणाबद्दल त्यांनी लेख लिहिला तो तब्बल ३५ वर्षांनी.

कैबाब पठारावर काय घडले?

ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेला कैबाब हे जंगलाने भरलेले पठार आहे. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ मध्ये ते शिकारीच्या प्राण्यांसाठी राखीव केले. हरणांच्या शिकारीवर बंदी आली, शिकारी प्राणी मारण्याची मोहीम मात्र सुरूच राहिली. सुरुवातीला हरणांची संख्या सुमारे ४ हजार असल्याचा अंदाज होता. १९२४ च्या सुमारास काहींच्या मते ती १ लाखावर पोहोचली. झाडांची पालवी हरणांचे तोंड पोहोचेल तिथपर्यंत ओरबाडली गेली आणि पुढच्या हिवाळ्यांत हरणे उपासमारीने मरू लागली.

असाच फटका लिओपोल्ड यांच्या स्वतःच्या कामालाही बसला. त्यांच्या आग्रहामुळे १९२४ मध्ये न्यू मेक्सिकोतील गिला जंगलाचा सुमारे साडेसात लाख एकर भाग रस्तेविरहित ठेवण्याचा निर्णय झाला होता. पण शिकारी प्राणी हटवल्यावर तिथेही हरणे बेसुमार वाढली. ती मारायला शिकाऱ्यांना आत जाता यावे म्हणून त्या राखीव भागातून रस्ता काढावा लागला.

शिकारीच्या छंदाचे शास्त्र कसे झाले?

१९२८ मध्ये वनसेवा सोडून लिओपोल्ड यांनी अमेरिकेच्या उत्तर-मध्य राज्यांतील शिकारीच्या प्राण्यांची पाहणी सुरू केली. त्यासाठी पैसा बंदुका आणि काडतुसे बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने दिला. प्राणीच उरले नाहीत तर काडतुसे विकत घेणार कोण, हा त्यामागचा व्यावहारिक प्रश्न होता.

या पाहणीतून लिओपोल्ड यांच्या लक्षात आले की प्राणी कमी होण्याचे कारण फक्त बंदूक नाही. कुंपणाकडेची झुडपे तोडली जात होती, पाणथळ जागा उपसून कोरड्या केल्या जात होत्या आणि गुरांची चराई वाढत होती. या सगळ्यात प्राण्यांना लपायला आणि खायला जागाच राहत नव्हती. पाहणीचा अहवाल १९३१ मध्ये आला आणि १९३३ मध्ये ‘गेम मॅनेजमेंट’ हे पाठ्यपुस्तक. ज्या कुऱ्हाड, नांगर, गाय, आग आणि बंदुकीने वन्यजीव संपवले, तीच साधने नीट वापरली तर ते परत आणता येतात, ही त्याची मध्यवर्ती मांडणी. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांच्यासाठी या विषयाचे प्राध्यापकपद निर्माण केले. अमेरिकेतील असे हे पहिलेच पद.

पुढची पावले भराभर पडली. १९३७ मध्ये ‘द वाइल्डलाइफ सोसायटी’ या संस्थेचे ‘जर्नल ऑफ वाइल्डलाइफ मॅनेजमेंट’ हे संशोधनपत्र सुरू झाले. त्याच वर्षी बंदुका आणि काडतुसांवरील कर राज्यांच्या वन्यजीव कामाकडे वळवणारा कायदा झाला. संशोधनाला पैसा आणि ते छापायला जागा, दोन्ही मिळाले. मात्र पैसा शिकारीतून येत असल्याने सुरुवातीच्या दशकांत संशोधनाचा भर बदके, हरणे, लावे अशा शिकारीच्या प्राण्यांवरच राहिला. ज्यांची शिकार होत नाही अशा प्राण्यांकडे आणि अख्ख्या परिसंस्थेकडे नजर वळायला बराच काळ गेला.

लिओपोल्ड यांचे मत नेमके कशाने बदलले?

एका रात्रीत नाही. १९३५ मध्ये त्यांनी जर्मनीतील जंगले पाहिली. तिथे एकाच जातीच्या झाडांच्या रांगा होत्या आणि मुद्दाम वाढवलेली हरणे होती. जमिनीलगतची झुडपे आणि रानफुले मात्र जवळपास नाहीशी झाली होती. त्यानंतर १९३६ आणि १९३७ मध्ये ते मेक्सिकोच्या चिवावा राज्यातील गाविलान नदीच्या खोऱ्यात गेले. तिथे प्यूमा होते, हरणेही होती, तरी डोंगरउतार हिरवे होते आणि नदी स्वच्छ वाहत होती. सीमेच्या अमेरिकी बाजूला तशाच डोंगरांची माती धुपून चालली होती.

शेवटचा धक्का एका विद्यार्थ्याने दिला. लिओपोल्ड निसर्गनिबंधांचे हस्तलिखित तयार करत होते. ते वाचून अल्बर्ट हॉकबॉम या विद्यार्थ्याने कळवले की, लांडगे संपवण्यात आपलाही हात होता हे तुम्ही कुठेच कबूल केलेले नाही. प्राध्यापकाने राग मानला नाही. १९४४ मध्ये त्यांनी मरणाऱ्या लांडगीवरचा तो निबंध लिहिला. लांडगे गेल्यावर डोंगराचे काय होते, हे त्यात आहे. आपण तेव्हा चुकलो होतो, हेही त्यात स्वच्छ आहे.

मत बदलण्याची किंमत काय मोजावी लागली?

१९४३ मध्ये लिओपोल्ड विस्कॉन्सिनच्या संवर्धन आयोगाचे सदस्य झाले. राज्यातही हरणे वाढून जंगलातील रोपे फस्त करत होती. संख्या कमी करायची तर माद्यांची शिकारही खुली करायला हवी, असे त्यांनी सांगितले. त्या वर्षी सव्वा लाखाहून अधिक हरणे मारली गेली आणि लोक संतापले. त्यांच्याविरोधात स्वतंत्र वृत्तपत्रक निघाले. वर्षानुवर्षे हरीण वाचवा असे ऐकलेल्या शिकाऱ्यांना आता हरणे मारा हे पटत नव्हते. हा पहिला धडा काही प्रमाणात लिओपोल्ड यांनीच त्यांना दिला होता. पण १९४८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते आयोगावर राहिले आणि तीच भूमिका मांडत राहिले.

पुस्तक प्रकाशकांना का नको होते?

मॅकमिलन आणि क्नॉफ या मोठ्या प्रकाशनसंस्थांनी हस्तलिखित नाकारले. वाचकांना निसर्गातील गमतीजमती हव्यात, परिसंस्थेचा युक्तिवाद नको, असा एकंदर सूर होता. निबंध एकमेकांशी जुळत नाहीत, अशीही तक्रार होती. लिओपोल्ड यांनी मात्र जमिनीकडे पाहण्याच्या माणसाच्या नैतिक जबाबदारीचा भाग गाळला नाही.

मृत्यूनंतर मुलगा लूना याने संपादन पूर्ण केले आणि १९४९ मध्ये पुस्तक आले. सुरुवातीचा खप बेताचा होता. १९६० च्या दशकाअखेरीस स्वस्त कागदी बांधणीची आवृत्ती निघाली, त्याच सुमारास अमेरिकेत पर्यावरण चळवळ उभी राहिली आणि पुस्तक घराघरांत पोहोचले.

त्यांच्या आलेखावर आक्षेप कोणता?

गोष्ट इथे संपली असती तर ती सोयीची ठरली असती. पण लिओपोल्ड यांचाही दावा तपासला गेला. १९४३ मध्ये त्यांनी विस्कॉन्सिनच्या संवर्धन विभागाच्या मासिकात कैबाबच्या हरणांचा आलेख छापला होता. संख्या भरकन वर जाते आणि कोसळते. तो पुढे पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे छापला गेला.

१९७० मध्ये ग्रेम कॉघली या शास्त्रज्ञाने ‘इकॉलॉजी’ या संशोधनपत्रात मूळ आकड्यांकडे बोट दाखवले. १९२४ चा अंदाज सर्वांचा सारखा नव्हता. स्थानिक वनाधिकाऱ्याचा आकडा ३० हजारांच्या आसपास होता, आलेखात मात्र सर्वांत मोठा आकडा आला होता. शिवाय त्याच काळात पठारावरची मेंढ्या-गुरांची चराई कमी झाली होती. मग हरणे वाढली ती शिकारी प्राणी गेल्यामुळे की चारा वाढल्यामुळे? कैबाबचे उदाहरण अनेक पाठ्यपुस्तकांतून गळाले.

त्यानंतर २००६ मध्ये डॅन बिंकली आणि सहकाऱ्यांनी वेगळा पुरावा शोधला. हरणांची मोजणी वादग्रस्त असेल, पण झाडांचे वय खोडातील वर्तुळांवरून मोजता येते. कैबाबवरील ॲस्पेन झाडांत, हरणे बेसुमार असल्याचे सांगितले जाते त्या काळात उगवलेली झाडे फारच कमी आढळली. म्हणजे कोवळी रोपे खाल्ली गेली होती. आकडा नसला, तरी लिओपोल्ड यांच्या म्हणण्याचा गाभा बराचसा टिकला.

संशोधनाचा प्रभाव मोजायचा कसा?

आज संशोधनपत्रांचा दर्जा सांगताना ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हा आकडा सर्रास वापरला जातो. मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखांचा यंदा सरासरी किती वेळा उल्लेख झाला, एवढेच तो सांगतो. लिओपोल्ड यांचे काम या चौकटीत बसत नाही.

१९३५ मध्ये त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी ८० एकरांची निकस झालेली शेतजमीन घेतली. तिथल्या कोंबड्यांच्या खुराड्याची झोपडी करून शनिवार-रविवारी सारे कुटुंब हजारो झाडे लावत असे. कोणते फूल कधी उमलले, कोणता पक्षी कधी आला याच्या नोंदी लिओपोल्ड रोज करत. १९३५ ते १९४५ या काळातील नोंदी त्यांनी सारा जोन्स यांच्यासह १९४७ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांची मुलगी नीना हिने त्याच ठिकाणी नोंदी पुन्हा सुरू केल्या. १९९९ मध्ये तिने आणि सहकाऱ्यांनी ६१ वर्षांच्या कालखंडातील ५५ घटना ताडून पाहिल्या. वसंतातील घटना सरासरी वर्षाला ०.१२ दिवसाने, म्हणजे दशकाला सव्वा दिवसाच्या आसपास, लवकर घडू लागल्याचे दिसले. हवामान बदलाचा हा पुरावा ज्या नोंदींवर उभा आहे, त्या ५२ वर्षांपूर्वी छापलेल्या होत्या. दोन वर्षांची फूटपट्टी त्यांना शून्यच गुण देईल.

आज काय उरले आहे?

१९४० च्या दशकात एका पुस्तक परीक्षणात लिओपोल्ड यांनी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडगे परत का आणू नयेत, असा प्रश्न विचारला होता. १९९५ मध्ये ते आणले गेले. त्यामुळे तिथल्या झाडाझुडपांवर नेमका किती परिणाम झाला, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. तो वाद मोजमापानेच सुटेल.

१९९८ मध्ये मेक्सिकन लांडग्यांना ॲरिझोनात पुन्हा जंगलात सोडण्यात आले. ते ठिकाण होते अपाची राष्ट्रीय वन. ८९ वर्षांपूर्वी तरुण लिओपोल्ड यांनी बंदूक झाडली होती, तेच.